कार्व्हरच्या नाण्यापासून सुरुवात: अमेरिकेची जुनी चांदीची स्मारक नाणी जमवताना

अमेरिकन सरकारने १८९२ ते १९५४ या काळात चांदीची जी स्मारक नाणी पाडली, ती जमवायचं मनात आलं की दोन आकडे लगेच कानावर येतात: ५० आणि १४४. पन्नास म्हणजे वेगवेगळ्या रचना. त्यांत ४८ हाफ डॉलर, एक क्वार्टर (पाव डॉलर) आणि एक डॉलर. त्याच रचनांची सगळी वर्षं आणि सगळ्या टांकसाळी धरल्या की आकडा १४४ वर जातो. नवख्याने १४४ चा नाद करू नये, हे आधीच सांगून टाकतो. का करू नये, ते समजायला ही नाणी निघायची कशी हे ठाऊक हवं.

एखादं राज्य, शहर किंवा उत्सव समिती काँग्रेसकडून, म्हणजे अमेरिकेच्या संसदेकडून, कायदा करून घ्यायची. सरकारी टांकसाळ नाणी पाडून त्या समितीला दर्शनी किमतीला द्यायची, म्हणजे हाफ डॉलर ५० सेंटला. समिती तेच नाणं लोकांना एक डॉलरला, पुढे दीड-दोन डॉलरला विकायची. वरचे पैसे पुतळ्याला, प्रदर्शनाला, शताब्दीच्या खर्चाला. काही वेळा मात्र पैसे कुठे गेले हे न विचारलेलंच बरं. थोडक्यात, ही नाणी बाजारहाटासाठी पाडलेलीच नव्हती. ती पहिल्या दिवसापासून उत्सवातल्या गिऱ्हाइकाला आणि संग्राहकाला विकायला काढली होती. ‘दुर्मीळ’ हा शब्द त्यामुळे इथे जरा चाचपून घ्यावा लागतो. कधी दुर्मिळता नशिबाने आली, कधी ती ठरवून घडवली गेली.

पायरी १: तीन काळ ओळखून घ्या

पहिला काळ प्रदर्शनांचा. शिकागोच्या कोलंबियन प्रदर्शनासाठी १८९२ मध्ये कोलंबसचं हाफ डॉलर निघालं, ते १८९३ मध्येही पाडलं गेलं. पुढे कोलंबसचा चेहरा, मागे सांता मारिया जहाज आणि खाली पृथ्वीचे दोन गोलार्ध. एका डॉलरला विकायला काढलेल्या या नाण्याचा पहिला नग रेमिंग्टन टंकलेखन यंत्रांच्या कंपनीने जाहिरातीसाठी १०,००० डॉलर मोजून घेतला. पण एकूण पन्नास लाख नाणी पाडली होती. एवढी गिऱ्हाइकं कुठून मिळणार? बरीच वितळवली, बरीच शेवटी दर्शनी किमतीला चलनात आली. खिशात फिरून झिजलेली कोलंबियन नाणी आजही ढिगाने मिळतात ती त्यामुळे. आपल्याकडच्या वाचकाला या नाण्यात एक जास्तीचा रस आहे. ११ सप्टेंबर १८९३ रोजी स्वामी विवेकानंद ज्या सर्वधर्म परिषदेत बोलले, ती याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती. १८९३ सालचं नाणं म्हणजे त्याच जत्रेची आठवण.

त्याच प्रदर्शनाच्या महिला मंडळाने इझाबेला राणीचं क्वार्टर काढून घेतलं. मागच्या बाजूला चाती आणि सूत घेऊन गुडघ्यावर बसलेली स्त्री आहे. किंमत मात्र तीच, एक डॉलर. शेजारच्या टेबलावर एका डॉलरला हाफ डॉलर मिळत असताना क्वार्टर कोण घेणार? सुमारे ४०,००० पाडली, त्यांतली २४,००० च्या आसपास लोकांपर्यंत पोचली. आज हे पुढचं-मागचं गणित उलटलं आहे आणि इझाबेला कोलंबियनच्या कितीतरी पट महाग आहे. तिसरं लाफायेत डॉलर. त्यावर साल १९०० आहे, पण पाडलं गेलं १४ डिसेंबर १८९९ ला, जॉर्ज वॉशिंग्टनच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली त्या दिवशी. त्यावर लाफायेत या फ्रेंच सेनानीबरोबर वॉशिंग्टनचाही चेहरा आहे, त्यामुळे अमेरिकन राष्ट्राध्यक्षाचा चेहरा असलेलं हे त्या देशाचं पहिलं नाणं. पाडलेल्या ५०,००० पैकी १४,००० नाणी टांकसाळीत पडून राहिली आणि १९४५ मध्ये वितळवली गेली.

दुसरा काळ १९१५ ते १९२८. सॅन फ्रान्सिस्कोचं पनामा-पॅसिफिक, लिंकनचा तरुण चेहरा असलेलं इलिनॉय, पिलग्रिम, अलाबामा, ग्रँट, स्टोन माउंटन, ओरेगन ट्रेल. इथेच युक्त्या सुरू झाल्या. अलाबामाच्या काही नाण्यांवर ‘२ गुणिले २’ असं चिन्ह ठोकलं, कारण ते बाविसावं राज्य. मिझुरीच्या काहींवर २ आणि ४ च्या मध्ये तारा, कारण ते चोविसावं. ग्रँटच्या थोड्या नाण्यांवर नुसताच तारा, त्याला अर्थ असा काही नाही. संग्राहकाला एकाऐवजी दोन नाणी घ्यायला लावायची, एवढाच या खुणांचा धंदा.

तिसऱ्या काळात, १९३४ नंतर, लाजच गेली. टेक्सस, बून, आर्कान्सॉ यांची नाणी वर्षामागून वर्षं फिलाडेल्फिया, डेन्व्हर आणि सॅन फ्रान्सिस्को अशा तीन-तीन टांकसाळींतून येत राहिली. १९३५ च्या बून नाण्याच्या एका प्रकारात मागच्या बाजूला बारीक ‘१९३४’ घातलं, आणि डेन्व्हर व सॅन फ्रान्सिस्कोची अशी जेमतेम दोन-दोन हजार नाणी काढली. सगळ्यांत नामी नमुना १९३६ चं सिनसिनाटी. संगीताचं केंद्र म्हणून त्या शहराला पन्नास वर्षं झाली, असं नाणं सांगतं. म्हणजे आरंभ १८८६ चा धरला. नाण्यावर चेहरा आहे गीतकार स्टीफन फॉस्टरचा, जो १८६४ मध्येच वारला होता. तीन टांकसाळींच्या तीन नाण्यांचा संच ७.७५ डॉलरला विकला, संच जेमतेम पाच हजार. बाजारात भाव लगोलग चढले. अशा प्रकारांना कंटाळून ऑगस्ट १९३९ च्या कायद्याने जुन्या सगळ्या परवानग्या बंद केल्या. युद्धानंतर आयोवा, बुकर टी. वॉशिंग्टन आणि कार्व्हर-वॉशिंग्टन एवढी तीनच आली. मग थेट १९८२.

१४४ चा संच का नको, ते आता उघड आहे. त्यातली निम्म्याहून जास्त नाणी एकाच चित्राची वेगवेगळी सालं आहेत. १९३६ च्या विक्रेत्याने जे गळ टाकले ते आज आपण आपणहून गिळायचे, यात मला तरी शहाणपण दिसत नाही.

पायरी २: पहिलं नाणं कार्व्हरचं घ्या

मराठी घरांत जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हरची ओळख करून द्यावी लागत नाही. वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’मुळे शेंगदाणा, रताळं आणि टस्कीगीची प्रयोगशाळा आपल्याकडे शाळकरी मुलांनाही माहीत असते. पण त्याच कार्व्हरचा चेहरा असलेलं चांदीचं नाणं अमेरिकन सरकारने पाडलंय आणि ते सामान्य माणसाला परवडतं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

हे नाणं १९५१ ते १९५४ या काळात तिन्ही टांकसाळींतून निघालं. पुढच्या बाजूला कार्व्हर आणि टस्कीगीचे संस्थापक बुकर टी. वॉशिंग्टन यांचे जोडचेहरे, मागे अमेरिकेचा नकाशा. रचना आयझॅक स्कॉट हॅथवे यांची. अमेरिकन नाण्याची रचना करणारे ते पहिले कृष्णवर्णीय शिल्पकार. चांदीसुद्धा आधीच्या, न खपलेल्या बुकर टी. वॉशिंग्टन नाण्यांच्या वितळवणीतून घ्यायची असं ठरलं होतं. कायद्यात नफ्याचा हेतू मात्र कृष्णवर्णीय समाजात साम्यवादाचा प्रसार रोखणं असा लिहिला आहे! कार्व्हरच्या आयुष्याशी याचा काडीचा संबंध नाही. शीतयुद्धाच्या त्या वर्षांत काँग्रेसच्या गळी हे नाणं उतरवायला ते कारण चाललं.

नवख्याने १९५२ चं, टांकसाळचिन्ह नसलेलं घ्यावं. ते वीस लाखांच्या वर पाडलं, त्यामुळे ते सगळ्यांत स्वस्त. त्याच वर्षाची डेन्व्हर आणि सॅन फ्रान्सिस्कोची नाणी काही हजारच आहेत, पण चित्र तेच. टांकसाळ ओळखायची रीत सोपी: ‘डी’ म्हणजे डेन्व्हर, ‘एस’ म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, काहीच नसेल तर फिलाडेल्फिया. (अपवाद १९२५ चं फोर्ट व्हँकूव्हर. ते सॅन फ्रान्सिस्कोत पाडलं आणि ‘एस’ घालायचं राहूनच गेलं.)

जोडीला १९४६ ते १९५१ चं बुकर टी. वॉशिंग्टन घ्या. त्याच्या मागच्या बाजूला गुलामाची झोपडी आणि थोरांचं दालन एकाखाली एक कोरलंय आणि झोपडीपासून दालनापर्यंतचा प्रवास शब्दांत लिहिला आहे. अमेरिकेत गुलामगिरी मोडणाऱ्यांना महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये आपला ग्रंथ अर्पण केला होता. फुल्यांच्या मातीतल्या वाचकाच्या संग्रहात ही दोन नाणी शेजारी शेजारी शोभतात.

पायरी ३: पहिली दहा-बारा नाणी ठरवा

या टप्प्यावर यादी कागदावर लिहिणं फायद्याचं. माझी निवड साधारण अशी असेल.

कार्व्हर, बुकर टी., एक झिजलेलं कोलंबियन. ही तिन्ही कमी खर्चात होतात. मग १९४६ चं आयोवा. हे नाणं टांकसाळीतून चांगल्या अवस्थेत बाहेर पडलं आणि नीट जपलं गेलं, त्यामुळे वरच्या ग्रेडमध्येही (ग्रेड म्हणजे नाण्याच्या अवस्थेचं माप) आवाक्यात असतं. त्यातली ५०० नाणी तर राज्याने २०४६ साठी राखून ठेवली आहेत. पुढे ओरेगन ट्रेल. लॉरा गार्डिन फ्रेझर आणि त्यांचे पती जेम्स अर्ल फ्रेझर यांनी केलेलं हे नाणं माझ्या मते या सगळ्या मालिकेत सर्वांत देखणं. एका बाजूला बैल जोडलेली गाडी मावळत्या सूर्याकडे निघालेली, दुसऱ्या बाजूला नकाशावर हात उभारून उभा असलेला मूळनिवासी. १९२६ पासून १९३९ पर्यंत ते पुनःपुन्हा निघालं. तुम्ही एकच घ्या, पण चांगलं घ्या. क्लीव्हलँड, लाँग आयलंड, टेक्सस हीही रास्त भावात मिळतात. ब्रिजपोर्टवर सर्कसवाला बार्नम आहे, आणि मागचा आधुनिक धाटणीचा गरुड उलटा धरला की शार्क दिसतो. पाहुण्यांना दाखवायला यापेक्षा चांगलं नाणं नाही.

स्टोन माउंटनही स्वस्त आहे, तेरा लाख उरली आहेत. त्यावर दक्षिणेचे सेनापती ली आणि जॅक्सन घोड्यावर आहेत, आणि रचना गट्झन बोर्गलमची, ज्याने पुढे माउंट रशमोर कोरलं. गुलामगिरी टिकवायला लढलेल्या सैन्याचं हे स्मारक कार्व्हरच्या नाण्याशेजारी ठेवायचं का, हा प्रश्न प्रत्येकाने आपापला सोडवावा. मी ठेवीन. दोन्ही नाणी सरकारने अवघ्या पंचवीस-तीस वर्षांच्या अंतराने पाडली, हे एकाच ट्रेमध्ये दिसलेलं चांगलं.

इझाबेला, लाफायेत, पनामा-पॅसिफिक ही मधल्या पल्ल्याची. १९२८ चं हवाई सगळ्यांत शेवटी. ते फक्त दहा हजारच्या आसपास पाडलं गेलं आणि भाव हजारो डॉलरच्या घरात असतो. हडसन आणि ओल्ड स्पॅनिश ट्रेल, दोन्ही १९३५ ची, तेवढ्याच संख्येची असूनही हवाईइतकी चढलेली नाहीत.

पायरी ४: नाणं पाहायला शिका

सगळा खेळ इथे आहे, म्हणून इथे थांबून सांगतो.

ग्रेड १ ते ७० या मापात देतात. ६० आणि त्याच्या वर म्हणजे चलनात न फिरलेलं, त्याला एमएस म्हणतात. ५० ते ५८ म्हणजे किंचित झीज, ते एयू. स्मारक नाणी बहुतेक ६० च्या वरच असतात, त्यामुळे सगळी झुंज ६३, ६४, ६५, ६६ मध्ये. एका अंकावर भाव दुप्पट होतो, काही नाण्यांत चौपट. आणि ६४-६५ मधला फरक दोन तज्ज्ञांना विचाराल तर दोन उत्तरं येतात. म्हणून अंक वाचण्याआधी नाणं वाचा.

कार्व्हरचंच नाणं घ्या. एकच पिवळा बल्ब वर ठेवा, ट्यूबलाइट बंद करा, नाणं कडेने धरा आणि हळूहळू कलतं करत फिरवा. चांगल्या नाण्यावर उजेडाचा पट्टा सपाट भागावरून सलग गोल फिरतो. हीच टांकसाळीची झळाळी, संग्राहक तिला लस्टर म्हणतात. धातू साच्याखाली दाबला जाऊन पसरताना पडलेल्या अतिसूक्ष्म रेषांवरून ती येते. पट्टा मध्येच तुटला, उंच भागावर राखाडी पडला, तर तिथे घासलेलं आहे.

आता कार्व्हरच्या गालाच्या हाडाकडे पाहा. या नाण्यावर तिथे जवळजवळ नेहमी बारीक खड्डे आणि ओरखडे दिसतात. निम्मे पिशवीत नाण्यावर नाणं आपटून पडलेले, निम्मे मूळ चकतीवरचे, म्हणजे ठसा उमटण्याआधीच्या कोऱ्या तुकड्यावरचे. गाल नाण्याचा सगळ्यांत उंच भाग, तिथे साच्यात धातू पुरता चढला नाही की चकतीवरचे जुने चरे तसेच राहतात. म्हणजे झीज नसतानाही गाल खरखरीत दिसू शकतो. ओळखायचं कसं? झिजलेल्या भागाला झळाळी नसते, रंगही वेगळा असतो. कच्च्या ठशाच्या भागावर झळाळी शाबूत असते, फक्त पृष्ठभाग खडबडीत. हा एक फरक नीट कळला तर ग्रेडिंगचा बराच भाग कळला. स्वच्छ गालाचं कार्व्हर सापडणं मोठं कष्टाचं काम आहे, त्यामुळे एरवी स्वस्त असलेलं हे नाणं ६६ ला पोचलं की एकदम महाग होतं.

प्रत्येक रचनेचं असं एखादं दुखणं असतं. स्वातंत्र्याला दीडशे वर्षं झाली म्हणून १९२६ मध्ये काढलेल्या नाण्याचा उठाव इतका उथळ आहे की सुंदर नग जवळपास मिळतच नाही. (त्यावर राष्ट्राध्यक्ष कूलिज हयात आणि पदावर असताना झळकले आहेत. दहा लाखांतली साडेआठ लाखांवर नाणी परत वितळवली गेली.) कोलंबियनवर कोलंबसची भुवई, गाल आणि जहाजाची शिडं आधी झिजतात. नाणं घेण्याआधी त्या रचनेची पन्नास-साठ मोठी छायाचित्रं लिलावाच्या जुन्या नोंदींत पाहून घ्या. डोळा फुकटात तयार होतो.

पायरी ५: चकचकीतपणाला भुलू नका

देव्हाऱ्यातली चांदी रांगोळीने, चिंचेने, दंतमंजनाने उजळायची आपल्या घरातली सवय इथे घातक आहे. पुसलेल्या नाण्यावर एका दिशेने जाणाऱ्या केसासारख्या रेषा उमटतात, भिंगातून लगेच दिसतात. असं नाणं ग्रेडिंग कंपनी अंक न देता नुसतं ‘डिटेल्स’ लिहून परत करते, आणि भाव निम्म्याखाली येतो. नाणं कितीही काळं असो, फडकं लावायचं नाही.

उलट काळेपणाचा, म्हणजे टोनिंगचा, एक खास प्रकार या मालिकेत मुद्दाम शोधला जातो. १९३० च्या दशकात समित्या ही नाणी टपालाने पुठ्ठ्याच्या पाकिटातून पाठवायच्या. त्यात गोल भोक आणि नाणं जागेवर धरायला पुठ्ठ्याची पट्टी. त्या पुठ्ठ्यातल्या गंधकाने चांदीवर रंग चढला, पण पट्टीखालचा भाग पांढरा राहिला. आज मधोमध फिकी आडवी पट्टी आणि दोन्ही बाजूंना सोनेरी, तपकिरी चंद्रकोरी असं नाणं दिसलं, तर ते बहुधा मूळ पाकिटात अनेक वर्षं पडून होतं. असे रंग हळूहळू एकातून दुसऱ्यात मिसळतात आणि त्यांच्या खाली झळाळी जिवंत असते. घाईने रसायन किंवा उष्णता देऊन आणलेले रंग वरवर तरंगतात, जांभळा आणि निळा भडक असतो, खोलगट जागांतही एकसारखा भरलेला. संशय आला तर सोडून द्या. इंद्रधनुष्यी नाण्यांना जास्त भाव मागतात, आणि सुरुवातीला तो द्यायचं काहीच कारण नाही.

पायरी ६: खोट्यापासून सावध

पुण्याच्या जुन्या बाजारात ईस्ट इंडिया कंपनीचं म्हणून मिळणारं रामदरबाराचं नाणं पाहिलं असेल, तर खोट्या नाण्यांचा धंदा किती सोपा आहे हे वेगळं सांगायला नको. अमेरिकन मालिकेत लाफायेत, इझाबेला, हवाई यांच्या नकला फिरतात. ग्रँटच्या साध्या नाण्यावर तारा ठोकून ‘दुर्मीळ’ करण्याची चलाखी तर जुनीच. त्यात तारा ठोकताना मागच्या बाजूला नेमक्या त्याच जागी थोडा चपटेपणा येतो, तिथे बघावं.

साधा तराजू घ्या, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा. हाफ डॉलर १२.५ ग्रॅम, व्यास ३०.६ मिलिमीटर. इझाबेला ६.२५ ग्रॅम. लाफायेत २६.७३ ग्रॅम, ३८.१ मिलिमीटर. सगळ्यांत ९० टक्के चांदी, १० टक्के तांबं, कड दातेरी. न झिजलेल्या हाफ डॉलरचं वजन एक दशांश ग्रॅमहून जास्त चुकलं तर हात आखडता घ्या. लोहचुंबकाला चिकटलं तर विषयच संपला. मात्र वजन बरोबर आलं म्हणजे नाणं खरं असं नाही. चांगल्या नकला चांदीच्याच असतात.

म्हणून मोठ्या किमतीचं नाणं स्लॅबमधलंच घ्यावं. स्लॅब म्हणजे ग्रेडिंग कंपनीने प्लास्टिकच्या पेटीत बंद करून दिलेलं नाणं. पीसीजीएस आणि एनजीसी या दोन कंपन्यांचे स्लॅब सगळीकडे चालतात. पेटीवरचा क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर घालून छायाचित्र ताडून पाहा. खोटे स्लॅबही निघतात आणि त्यांवर खरा क्रमांक असू शकतो, तेव्हा नुसता क्रमांक जुळून भागत नाही. नाण्यावरचे ओरखडे छायाचित्रातल्या ओरखड्यांशी जुळले पाहिजेत. काही स्लॅबांवर सीएसीचं हिरवं स्टिकर दिसेल. दिलेल्या ग्रेडला नाणं पुरेपूर उतरतं, असं दुसऱ्या तज्ज्ञाने म्हटल्याची ती खूण. तिचेही पैसे मोजावे लागतात.

पायरी ७: भाव

आधी तळ काढा. हाफ डॉलरमध्ये सुमारे ०.३६ ट्रॉय औंस शुद्ध चांदी असते. चांदी औंसाला समजा ४० डॉलर असेल, तर नाण्यातली चांदी साडेचौदा डॉलरच्या आत. झिजलेलं कोलंबियन याच्या फार वर घेऊ नका.

मग वरचा भाव. छापील भावपुस्तकं दिशा दाखवतात, पण ती वर्षभर जुनी होतात. ग्रेडिंग कंपन्यांचे भावतक्ते दुकानातल्या चढ्या भावाजवळचे असतात. खरा भाव लिलावाच्या निकालांत सापडतो. हेरिटेज, स्टॅक्स बॉवर्स यांच्या जुन्या नोंदी घरबसल्या पाहता येतात. ई-बेवर पाहायचं तर विकल्या गेलेल्या वस्तूंची चाळणी लावा. मागितलेल्या किमतीला काही अर्थ नसतो, कुणीही काहीही मागतो.

लिलावात बोलीवर बायर्स प्रीमियम चढतो, बरेचदा वीस टक्क्यांच्या आसपास. दोनशेची बोली दोनशे चाळीसला पडते, वर टपाल आणि कर. हे धरूनच बोली लावा. आणि किती नाणी ग्रेड झाली याचे आकडे, पॉप्युलेशन म्हणतात ते, डोळे झाकून घेऊ नका. वरचा अंक मिळावा म्हणून लोक एकच नाणं पेटीतून काढून पुनःपुन्हा पाठवतात आणि प्रत्येक वेळी ते नव्याने मोजलं जातं.

अमेरिकेत राहत असाल तर जवळच्या शहरातलं छोटं नाणेप्रदर्शन गाठा. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशनचं उन्हाळी अधिवेशन मोठं असतं, पण नवख्याला छोट्या हॉलमध्ये विक्रेते जास्त वेळ देतात. नाणं हातात मागा, दिव्याखाली धरा, परत द्या, पुढच्या टेबलावर जा. न घेता परत दिल्याचं तिथे कुणी वाईट वाटून घेत नाही.

पायरी ८: घरी आणल्यावर

मऊ, वास येणारं प्लास्टिक म्हणजे पीव्हीसी. त्यातून काही वर्षांत नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. आलाच असेल तर शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून, न घासता काढता येतो. हवेशीर जागी करा, आगीपासून लांब. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात इतर द्रव्यं असतात. सुटी नाणी मापाच्या कडक कॅप्सूलमध्ये ठेवा.

कोकण, गोवा, मुंबईच्या हवेत सिलिका जेलची पुडी कपाटात हवीच, आणि ती पावसाळ्यात बदलायला हवी. रबरबँड, लोकरी कापड, साधा पुठ्ठा यांतून गंधक सुटतो, ते जवळ नकोत. डांबराच्या गोळ्याही नकोत, त्यांच्या वाफेने पेटीचं प्लास्टिक खराब होतं. मूळ टपाली पाकीट नाण्यासोबत आलं तर टाकू नका, त्याला स्वतःची किंमत आहे. पण नाणं त्यातून काढून पाकीट वेगळं ठेवा.

भारतात मागवणार असाल तर बोली लावण्याआधी दोन गोष्टी पाहा. चांदीच्या आयातीचे नियम आणि सीमाशुल्क वेळोवेळी बदलतात, त्या दिवशीचा नियम तपासा. आणि शंभर वर्षं पूर्ण झालेली नाणी १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या व्याख्येत येतात, तेव्हा १८९३ चं कोलंबियन इथे आणलंत तर विकायला परत बाहेर पाठवणं सोपं राहत नाही. कार्व्हरच्या नाण्याला ही अडचण २०५१ पर्यंत नाही.

राहता राहिली वही. नाणं, साल, टांकसाळ, स्लॅबचा क्रमांक, कुणाकडून, कितीला, कोणत्या तारखेला. शेजारी दोन्ही बाजूंचं छायाचित्र. ही वही नाण्यांसोबत एकाच कपाटात ठेवू नका, आणि ती कुठे आहे हे घरातल्या एकाला तरी सांगून ठेवा.